गर्भातील कानाची जडणघडण आणि गावाची जबाबदारी



छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीन हे गाव आज दोन प्रकारच्या आवाजांमध्ये नांदत आहे. एकीकडे बैलांच्या गळ्यातील घुंगरे, बाजारातील भावांची बोली आणि मंदिर-मशिदींतील प्रार्थना यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचित आवाज. दुसरीकडे नव्या औद्योगिक वसाहतीबरोबर आलेला यंत्रांचा व अवजड वाहनांचा आवाज. ज्यांच्या कानी हे सारे सहज पडते, त्यांना ऐकण्याचे काही विशेष वाटत नाही. परंतु ज्या घरातील मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही हाकेला वळून पाहत नाही, त्या घराला ऐकण्याचे मोल कळते. आणि पुष्कळदा ते उशिरा कळते.

अशा घरी काय घडते, हे येथे जमलेल्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ठाऊक आहे. प्रथम आजी म्हणते, ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला.’ मग जिभेला मध आणि वेखंड लावले जाते. कोणी जिभेखालची शीर कापून आणण्याचा सल्ला देतो. यात वर्ष निघून जाते. अखेरीस सारा दोष मुलाच्या आईवर येतो. ग्रहणात तिने काही चिरले असेल, गरोदरपणी काही खाल्ले असेल, अशी कुजबुज सुरू होते. मूल बोलत नाही याचे कारण बहुधा जिभेत नसून कानात असते आणि त्या कानाची घडण कित्येक महिने आधी, गर्भाशयात, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या पातळीवर झालेली असते, ही गोष्ट त्या घराला कोणी समजावून सांगितलेली नसते. ती समजावून सांगणे, हाच या भाषणाचा हेतू आहे.

ऐकणारी पेशी

कानाचे तीन भाग असतात, हे शाळेच्या पुस्तकात आहे. बाह्यकर्ण आवाज गोळा करतो. मध्यकर्णातील तीन इवली हाडे पडद्याची थरथर आत पोहोचवतात. प्रत्यक्ष ऐकण्याचे काम होते ते आंतरकर्णात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. या नळीच्या आत, तिच्या संपूर्ण लांबीवर पसरलेल्या एका पातळ पडद्यावर ऐकणाऱ्या पेशी ओळीने उभ्या असतात. इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ साली या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले आहे.

या पेशींच्या माथ्यावर केसांसारखे बारीक तंतू असतात. म्हणून त्यांना रोमपेशी म्हणतात. डोक्यावरच्या केसांशी त्यांचा काही संबंध नाही. प्रत्येक कानात आतल्या बाजूस सुमारे ३,५०० रोमपेशींची एक ओळ आणि बाहेरच्या बाजूस सुमारे १२,००० रोमपेशींच्या तीन ओळी असतात. आतली ओळ मेंदूकडे वार्ता धाडते. बाहेरच्या तीन ओळी स्वतः आखडून व सैल होऊन मंद आवाजाला जोर देतात. अशा प्रकारे एका कानाचे ऐकणे जेमतेम पंधरा-सोळा हजार पेशींवर अवलंबून असते. माणसाच्या शरीरातील पेशींची संख्या लक्षावधी कोटींमध्ये मोजावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही शिल्लक किती तुटपुंजी आहे, हे उमगते.

या ओळींमध्ये कामाची वाटणीही ठरलेली आहे. कर्णावर्ताच्या बुडाशी असलेल्या पेशी उंच, बारीक स्वर टिपतात. टोकाकडील पेशी खर्जातील, जाड स्वर टिपतात. आवाजाची लाट या नळीत कशी प्रवास करते, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बूड आणि टोक यांतील हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याचा गावातील व्यवहाराशी थेट संबंध येणार आहे.

कानाची सुरुवात

कान गर्भात केव्हा तयार होऊ लागतो? गर्भधारणेपासून साधारण बाविसाव्या दिवशी. त्या वेळी गर्भाची लांबी ज्वारीच्या दाण्याहूनही कमी असते. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस, भावी मेंदूच्या मागच्या भागालगत, वरच्या त्वचेचा एक लहानसा ठिपका जाड होतो. ही कर्णचकती होय. ही चकती आपल्या मर्जीने तेथे उगवत नाही. शेजारच्या ऊती आणि मागचा मेंदू यांच्याकडून रासायनिक संदेश येतात, आणि त्यांच्या आज्ञेने त्वचेचा तेवढाच भाग ‘कान’ होण्याच्या मार्गाला लागतो. त्वचेपासून कान घडावा, ही बाब नवलाची खरी. परंतु निसर्गाने ऐकण्याचे इंद्रिय स्पर्शाच्या इंद्रियाच्याच कापडातून बेतलेले आहे.

नंतर ही चकती आत दबते, तिची वाटी होते, वाटीच्या कडा मिटतात आणि चौथ्या आठवड्याच्या अखेरीस तिची एक बंद पिशवी बनते. तिला कर्णपुटिका म्हणतात. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असलेल्या या पुटिकेतून संपूर्ण आंतरकर्ण घडतो. तिच्या वरच्या अंगातून शरीराचा तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका निघतात. खालच्या अंगातून कर्णावर्ताची नळी लांबत जाते आणि लांबता लांबता वेढे घेते. पुटिकेतीलच काही पेशी बाहेर पडून मज्जापेशी बनतात. पुढे रोमपेशींची वार्ता मेंदूपर्यंत नेणारी तार याच पेशी ओढतात. म्हणजे ऐकणारी पेशी आणि तिचा निरोप नेणारी पेशी या एकाच घरच्या लेकी आहेत.

हे सारे शास्त्रज्ञांना कळले ते मुख्यतः कोंबडीच्या अंड्यातील गर्भ आणि उंदराचे गर्भ यांच्या अभ्यासातून. ब्रिटिश गर्भशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी १९३७ साली कोंबडीच्या गर्भातील कर्णचकती कशी ठरते, यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरो येथे काम करून आलेल्या प्रा. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरील प्रायोगिक अभ्यासाची परंपरा रुजविली. खुराड्यातील अंड्यातून मानवी शरीराच्या घडणीचे कोडे उलगडते, हे महाराष्ट्राच्या प्रयोगशाळांनीही अशा रीतीने अनुभवले आहे.

तिफणीची पेरणी

कर्णावर्ताची नळी तयार झाली, तरी तिच्यात ऐकणारी पेशी अजून नसते. नळीच्या आतल्या अस्तरात प्रथम एक पट्टा आखला जातो. ज्याप्रमाणे शेतकरी पेरणीपूर्वी रान तयार करतो, त्याप्रमाणे ‘सॉक्स-२’ नावाचे जनुक हा पट्टा रोमपेशींसाठी तयार करते. पट्ट्यातील पेशी नंतर विभाजन थांबवितात. येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. उंदराच्या गर्भात पेशींचे हे विभाजन प्रथम नळीच्या टोकाशी थांबते आणि ती लाट बुडाकडे सरकते. रोमपेशींचे रूप घेण्याचे काम मात्र बुडाजवळ सुरू होऊन टोकाकडे जाते. थांबण्याची दिशा एक आणि घडण्याची दिशा दुसरी!

या पट्ट्यातील कोणत्या पेशीने रोमपेशी व्हायचे, हे ठरविणारे प्रमुख जनुक ‘अ‍ॅटोह-१’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ साली असे दाखवून दिले, की हे जनुक नसलेल्या उंदरांच्या आंतरकर्णात एकही रोमपेशी तयार होत नाही. पुढच्याच वर्षी याच्या उलट बाजूचा पुरावा आला. हे जनुक जेथे एरवी जागे नसते तेथे जागे केले, तर तेथेही रोमपेशी उगवतात. बीज आणि पीक यांचे नाते इतके सरळ क्वचितच सापडते.

परंतु पट्ट्यातील प्रत्येकच पेशी रोमपेशी झाली, तर कान चालणार नाही. रोमपेशीला उभे धरणारी, तिच्याभोवतीच्या क्षारांची देवघेव सांभाळणारी आधारपेशीही हवी. ही वाटणी कशी होते, हे समजण्यास पंचायत सदस्यांना अडचण पडू नये. सरपंचपदासाठी पाच जण उत्सुक असतात. एकाचे पारडे जरा जड होते. तो शेजाऱ्यांना थांबण्यास सांगतो, ते अर्ज मागे घेतात आणि निवड बिनविरोध होते. पेशींचेही असेच आहे. ज्या पेशीत ‘अ‍ॅटोह-१’ थोडे पुढे जाते, ती आपल्या पृष्ठभागावर एक खुणेचे प्रथिन आणते. शेजारच्या पेशीवर ‘नॉच’ नावाचा ग्राहक असतो. त्याला ही खूण टेकली, की त्या शेजारणीतील ‘अ‍ॅटोह-१’ मंदावते आणि ती आधारपेशी होते. तिला अपयशी म्हणता येत नाही. तिच्यावाचून रोमपेशीला उभेही राहता येत नाही.

या समझोत्यातून जी रचना निर्माण होते, ती पाहून मराठवाड्यातील शेतकऱ्याला तिफणीची आठवण यावी. तिफण एका वेळी तीन ओळी पेरते, आणि ओळींतील अंतर बिघडत नाही. कर्णावर्तातही बाहेरच्या रोमपेशींच्या तीन ओळी अशाच समांतर चालतात, दोन रोमपेशींच्या मध्ये आधारपेशी असते, आणि आतल्या बाजूस एक ओळ स्वतंत्र असते. ओळ चुकत नाही आणि दाणे एकमेकांवर पडत नाहीत.

मानवी गर्भात तोल सांभाळणाऱ्या भागातील रोमपेशी सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. कर्णावर्तातील रोमपेशी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान ओळखू येतात. आतली ओळ आधी, बाहेरच्या नंतर. गर्भारपणाचा तिसरा महिना संपत असताना ही पेरणी होत असते.

तंतूंच्या पायऱ्या

पेरणी झाली, तरी पीक हाती येण्यास वेळ लागतो. प्रत्येक रोमपेशीच्या माथ्यावर आता तंतू उगवतात आणि त्यांची उंची जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढती होत जाते. सर्व पेशींच्या पायऱ्यांचे तोंड एकाच दिशेला असावे लागते. एक पूर्वेकडे आणि दुसरी पश्चिमेकडे असून भागत नाही. या दिशेसाठी वेगळी जनुके आहेत. सुरुवातीस तंतूंच्या कडेला एक लांब मार्गदर्शक तंतू असतो. कर्णावर्तात काम झाल्यावर तो नाहीसा होतो. घर बांधून झाल्यावर गवंड्याने परांची काढून घ्यावी, तसाच हा प्रकार होय.

ठेंगण्या तंतूचा शेंडा शेजारच्या उंच तंतूला एका अतिसूक्ष्म दोऱ्याने जोडलेला असतो. आवाजाने पडदा हलला, की तंतू झुकतात, दोरा ताणला जातो, त्याने एक दार उघडते आणि भोवतीच्या द्रवातील पोटॅशियम आत शिरते. त्यातून विजेचा जो सूक्ष्म संकेत निर्माण होतो, तोच मज्जातंतूवाटे मेंदूला पोहोचतो. आईची हाक असो की पावसाचा थेंब असो, शेवटी तो या दोऱ्याच्या ताणातून जातो. या दोऱ्याची दोन प्रथिने बनविणाऱ्या जनुकांत दोष असला, तर मूल जन्मतः बहिरे होऊ शकते. पुढे त्याची दृष्टीही अधू होण्याचा संभव अशा काही कुटुंबांत असतो.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास कर्णावर्ताची रचना बरीचशी प्रौढासारखी झालेली असते. जन्माच्या वेळी हात-पाय किती तरी लहान असतात. कर्णावर्त मात्र मोठ्या माणसाएवढाच असतो. वैद्यकीय गणनेनुसार पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बहुतेक गर्भ बाहेरच्या आवाजाला हालचालीने प्रतिसाद देऊ लागतात. बाळ जन्मते तेव्हा आईचा आवाज त्याला नवा नसतो. गेले काही आठवडे ते तो ऐकत आलेले असते. जे मूल ऐकत नाही, त्याची ही शिकवणी जन्मापूर्वीच बुडालेली असते. म्हणून जन्मानंतरचा एकेक महिना त्याच्यासाठी मोलाचा ठरतो.

पक्ष्यांना साधते, माणसाला नाही

१९८७-८८ या काळात संशोधकांना असे आढळले, की कोंबडीच्या पिलांच्या व लावा पक्ष्यांच्या रोमपेशी मोठ्या आवाजाने नष्ट झाल्या, तरी त्यांच्या जागी आधारपेशींपासून नव्या रोमपेशी उगवतात. खुराड्यातील कोंबडीला जे साधते, ते मानवाला साधत नाही. मानवी कर्णावर्तातील रोमपेशी गर्भात एकदाच पेरल्या जातात. मेली ती मेली, तिच्या जागी दुसरी येत नाही. आधारपेशींना पुन्हा ‘अ‍ॅटोह-१’ची हाक देऊन जागे करता येईल काय, यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत, पण त्यावर विसंबून आज कोणत्याही मुलाची वाट पाहत बसणे योग्य होणार नाही.

एका विशिष्ट जातीच्या बहिरेपणात मात्र आशेचा किरण दिसला आहे. ‘ओटोफर्लिन’ या प्रथिनाच्या अभावी रोमपेशी शाबूत असूनही तिचा निरोप मज्जातंतूला पोहोचत नाही. चीनमध्ये अशा सहा बालकांच्या कानात दोषरहित जनुक पोहोचविण्यात आले आणि त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचे वृत्त जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा दोष विरळा आहे आणि बाकी बहुतेक प्रकारांवर असा उपाय अजून उपलब्ध नाही, हेही तितकेच खरे.

घडण कोठे बिघडते?

जगात दर हजार नवजात बालकांमागे साधारण एक ते तीन बालके लक्षणीय श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. यांपैकी पुष्कळांचे कारण आनुवंशिक असते. आई आणि वडील दोघेही उत्तम ऐकत असले, तरी प्रत्येकाजवळ त्या दोषाची एकेक सुप्त प्रत असू शकते. अशा वेळी प्रत्येक गर्भाच्या बाबतीत मूल बहिरे होण्याची शक्यता चारांत एक एवढी असते. भारतात आढळणाऱ्या अशा दोषांत ‘कनेक्सिन-२६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष प्रमुख आहे. विशेष म्हणजे हे प्रथिन रोमपेशीचे नसून आधारपेशींचे आहे. आधार खचला, की वर उभा असलेला ढासळतो, हे येथेही प्रत्ययास येते.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आपल्या भागात अद्याप आहे. जवळच्या नात्यात एकच सुप्त दोष दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला असण्याचा संभव वाढतो. यात कोणत्याही कुटुंबाला दूषण देण्याचा प्रश्न नाही. नात्याबाहेरच्या विवाहांतही असे मूल होऊ शकते. परंतु ज्या घरात एक मूल जन्मतः बहिरे आहे, त्या घराने पुन्हा नात्यातच सोयरीक जुळविण्यापूर्वी आनुवंशिकीच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे होय.

दुसरे मोठे कारण गरोदरपणातील संसर्ग होय. जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, आईला क्षुल्लक पुरळ आणून निघून जातो, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत झाला तर गर्भाचे डोळे, हृदय आणि कान यांवर आघात करतो. ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली या रोगाचा गर्भदोषांशी असलेला संबंध प्रथम दाखविला. येथे वर सांगितलेला दिवसांचा हिशेब पुन्हा आठवावा. कर्णचकती बाविसाव्या दिवशी उमटते. त्या दिवशी स्त्रीची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. कित्येकींना आपण गरोदर आहोत याची खात्रीही नसते. आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदले जाईपर्यंत कान पुष्कळसा घडून गेलेला असू शकतो. म्हणजे या रोगापासून गर्भाचे रक्षण गरोदरपणात करता येत नाही. ते आधीच, आईच्या बालपणी करावे लागते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबविण्यात आली आणि त्यानंतर ही लस नियमित लसीकरणात दिली जाते. त्या वेळी शाळाशाळांतून काही पालकांनी लसीबद्दल शंका घेतली होती. ती टोचणी केवळ त्या मुलीसाठी नव्हती; तिच्या पोटी पुढे येणाऱ्या मुलाच्या कानासाठीही होती, हे त्यांना समजावून सांगण्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

कर्णावर्ताच्या परिपक्वतेस गलग्रंथीचा रस आवश्यक असतो आणि त्या रसास आयोडीन लागते. म्हणून गरोदर स्त्रीच्या स्वयंपाकघरात आयोडीनयुक्त मीठच असावे. स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन, जेंटामायसिन या वर्गातील इंजेक्शने रोमपेशींना विषारी ठरू शकतात. पूर्वी क्षयरोगाच्या उपचारात त्यांचा मोठा वापर होता. आजही जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बालकाचा जीव वाचविण्यासाठी जेंटामायसिन द्यावे लागते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास टाळण्याचे कारण नाही. टाळावयाचे ते गरोदर स्त्रीला व बालकांना परस्पर दिले जाणारे इंजेक्शन. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःच श्वास कोंडणे, तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर यांतून वाचलेल्या प्रत्येक मुलाच्या कानाची तपासणी झालीच पाहिजे.

ताट वाजवून पाहणे पुरेसे नाही

मूल ऐकते की नाही, हे पाहण्यासाठी घरोघरी ताट वाजविले जाते. मूल वळले, की घर निश्चिंत होते. येथेच फसगत होते. कर्णावर्ताच्या बुडाशी बारीक स्वर आणि टोकाकडे जाड स्वर, हे वर पाहिले आहे. औषधांनी वा मोठ्या आवाजाने प्रथम नष्ट होतात त्या बहुधा बुडाकडील पेशी. असे मूल पोळ्याच्या ढोलाकडे वळते, ट्रॅक्टरच्या आवाजाने दचकते. पण ‘स’, ‘श’, ‘त’ ही बारीक व्यंजने त्याला ऐकूच येत नाहीत. मग ते शब्द अर्धवट उच्चारते, वर्गात चुकीची उत्तरे देते आणि ‘मंद’ ठरते. शिवाय ताटाची हालचाल आणि जमिनीतून येणारा हादरा यांनीही मूल वळू शकते.

खरी तपासणी यंत्राने होते. डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली असे दाखविले, की निरोगी कान आवाज ऐकतो आणि त्याच्या प्रतिसादात स्वतःही अतिमंद आवाज बाहेर टाकतो. तो बाहेरच्या रोमपेशींच्या हालचालीतून येतो. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसा शोधक ठेवून काही मिनिटांत हा प्रतिध्वनी टिपता येतो. या चाचणीला ओ.ए.ई. म्हणतात. तीत शंका आली, किंवा बाळ जोखमीचे असले, तर मेंदूपर्यंत संकेत जातो की नाही हे पाहणारी ‘बेरा’ चाचणी करतात. पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाययोजना, असा एक-तीन-सहाचा दंडक जगभर मानला जातो.

यासाठी यंत्रणा आहे. केंद्र शासनाने राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर महाराष्ट्रातच, पालघर येथे, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला. जन्मजात बहिरेपणा हा त्यातील तपासणीच्या विषयांपैकी एक आहे. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेट देतात. संशयित बालकांना ग्रामीण रुग्णालयामार्फत जिल्हा पातळीवर पाठविता येते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण व वाचा दोषांवरील प्रशिक्षण, तपासणी आणि पुनर्वसनाचे काम करते. लहान बालकांना केंद्राच्या सहाय्य योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळवून देण्याच्या कामी हीच संस्था प्रमुख आहे.

हे उपकरण काय करते? ज्या रोमपेशी नाहीत किंवा निकामी आहेत, त्यांना ओलांडून ते थेट मज्जातंतूला विजेचे संकेत देते. म्हणजे पेरणी फसली, तरी पाण्याचा पाट शाबूत असल्याचा हा लाभ आहे. भारतात ही शस्त्रक्रिया रुजविणाऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. मात्र शस्त्रक्रियेने काम संपत नाही. नव्याने येणाऱ्या संकेतांचा अर्थ लावण्यास मेंदूला शिकवावे लागते, आणि लहान वयातील मेंदू हे जेवढे शिकतो तेवढे मोठेपणी शिकत नाही. श्रवणयंत्राचेही असेच आहे. आणि ज्या मुलाला या साधनांचा लाभ होणार नाही, त्यालाही भाषा नाकारली जाता कामा नये. सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्या विकासासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. मुलाला भाषा मिळणे महत्त्वाचे. ती कानाने मिळो वा हातांनी.

गावाने काय करावे?

कर्णावर्तातील अनुक्रम शास्त्रज्ञांच्या हाती आहे. परंतु वेळ साधणे गावाच्या हाती आहे. ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणाच्या चर्चेत चार प्रश्नांची भर पडावी. गावातील प्रत्येक मुला-मुलीला गोवर-रुबेलाची दोन्ही टोचणे मिळाली काय? रुग्णालयात उपचार घेऊन परतलेल्या प्रत्येक जोखमीच्या बाळाची कानाची तपासणी झाली काय? सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे न वळणारे, वर्षाचे होऊनही एकही शब्द न बोलणारे मूल कोणत्या घरी आहे, हे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना ठाऊक आहे काय? आणि अशा मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्यास घरच्यांची मजुरी बुडते म्हणून ते घरीच राहिले आहे काय? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तिघांची उत्तरे पुष्कळदा त्यातच अडकलेली असतात.

शिक्षकांनी वर्गात पहिल्या आठवड्यात एक साधी गोष्ट करावी. जे मूल पाठीमागून मारलेल्या हाकेला उत्तर देत नाही, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते किंवा शेजाऱ्याचे पाहून मग वही उघडते, त्याला पुढच्या बाकावर बसवावे आणि ‘मंद’ हा शिक्का मारण्याआधी त्याचा कान तपासून घ्यावा. बिडकीनच्या परिसरात कारखाने वाढत आहेत; तेथे कामास जाणाऱ्या तरुणांनी गोंगाटाच्या जागी कानाला संरक्षक साधन लावणे, हीदेखील गर्भात मिळालेल्या त्याच अल्प शिल्लकीची जपणूक होय.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एक करावे. मूल ऐकत नाही असे कळले, तर सुनेला ग्रहणाचा जाब विचारू नये. तिच्या पोटातील त्या बाविसाव्या दिवशी काय घडले, हे तिला ठाऊक नव्हते. ठाऊक असणे शक्यही नव्हते. तिला विचारण्याऐवजी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. जो महिना दोष शोधण्यात जातो, तोच महिना त्या मुलाच्या शब्दांचा असतो.